लवंग तीच, वास वेगळा

हिवाळा आला की परभणीकडची पहाट अंगावर येते. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा घसरला की दुसऱ्या दिवशी पेपरात परभणीचे नाव छापून येते आणि एरवी कोणी न विचारलेला आमचा जिल्हा दोन दिवस राज्यभर गाजतो. शेतात ज्वारी हुरड्याला येते. ट्रंकेतले स्वेटर, शाली, मफलर बाहेर निघतात. दारे-खिडक्या लवकर लागतात. अशा बंद घरात आणि लोकरीच्या कपड्यांत एक पाहुणा मुक्कामाला येतो, तो म्हणजे वास. आज वाचकांशी आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

विषय हलका वाटेल. पण वासापायी माणसाने माणसापासून अंग चोरून घेतलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून लिहितो.

गोष्ट आमच्याच घरातली आहे. आमची धाकटी बहीण पूर्णेला असते. पती गेल्यावर तिने एका मसाला कांडपावर मजुरी धरली. पंधरा वर्षे झाली. मिरची, धने, हळद, गरम मसाला आणि लग्नसराईत येसर, असे सगळे तिच्या हाताखालून जाते. त्याच मजुरीवर तिने लेकीला शिकवले. लेक पदवीधर झाली आणि पुण्यात नोकरीला लागली. गेल्या नाताळात तिच्या कंपनीला आठवडाभर सुट्टी होती. ती आमच्याकडे परभणीला उतरली. बहिणीला कळताच ती कामावरून सुटली आणि तशीच गाडीत बसून आली.

आली ती दाराजवळच बसली. आम्ही म्हटले, "आत ये की, तिथं थंडी लागंल." ती हसून म्हणाली, "राहू दे दादा. गाडीत शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. म्हणलं, तुमच्या घरात तरी कशाला वास करू?"

तिने ते हसत सांगितले. पण भाचीचा चेहरा उतरला. "आई, निदान लुगडं बदलून यायचं होतंस," असे म्हणत ती उठली, पर्समधून एक छोटी देखणी बाटली काढली आणि आईच्या पदरावर, शालीवर दोनदा फवारली. पहिल्या पगारातून घेतलेला सेंट होता. म्हणाली, "मामा, हा खास हिवाळ्याचा आहे. सुट्ट्यांच्या दिवसांत सगळे असलेच वापरतात."

बहिणीने पदर नाकाशी नेला. डोळे मिटले. मग एकेक नाव घेऊ लागली, "लवंग. दालचिनी. मागून वेलदोडा येतोय. थोडं जायफळ. आन् शेवटी कायतरी गोड, आइस्क्रीमवानी." डोळे उघडून ती लेकीला म्हणाली, "अगं माय, हेच तर मी सकाळपासून कुटायले! ह्याला पैसे कामून दिलेस? किती दिलेस?"

भाचीने हळूच आकडा सांगितला. बावीसशे रुपये.

घरात सगळे हसले. आमची सौभाग्यवती तर पोट धरून हसली. फक्त भाची हसली नाही आणि थोड्या वेळाने आम्हालाही हसू येईनासे झाले.

आम्ही बी. कॉम. झालेले साधे कारकून. एकच रक्कम एका वहीत जमेला आणि दुसऱ्या वहीत नावे पडलेली दिसली की आम्हाला झोप येत नाही. इथे तर तसेच झाले होते. लवंग तीच, दालचिनी तीच. बाटलीतून आली तर सुगंध आणि कामकरी बाईच्या लुगड्यातून आली तर नाकाला पदर. हा ताळमेळ कसा लागायचा? त्या आठवड्यात आम्ही थोडे वाचले, थोडे विचारले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. लवंग म्हणजे झाडाची न उमललेली कळी. ती वाळवली की लवंग होते. म्हणजे आपण आमटीत फूलच टाकतो. तिच्या तेलाचा मोठा भाग युजेनॉल नावाच्या द्रव्याचा असतो. दाढ दुखली की आपण लवंग धरतो तो गुण याचाच. दालचिनी ही झाडाची साल. तिचा वास मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड या द्रव्याचा. व्हॅनिला ही एका ऑर्किडच्या वेलीची शेंग. तिच्यातले व्हॅनिलिन आता बहुतेक कारखान्यातच बनते. आइस्क्रीमपासून सेंटपर्यंत सगळीकडे तेच जाते. बहिणीच्या नाकाने 'आइस्क्रीमवानी' म्हटले ते अगदी बरोबर होते.

तेव्हा कांडपाच्या हवेत जी द्रव्ये तरंगतात, त्यांतलीच काही बाटलीत असतात. फरक मापाचा आहे. बाटलीत ती थेंबाथेंबाने मोजून स्पिरिटात विरघळवलेली असतात. कांडपावर त्यांच्यासोबत मिरचीचा खाट असतो, तेलकटपणा असतो, घाम असतो. गाडीतल्या बाईला कदाचित मिरचीचा ठसका लागलाही असेल. तेवढा संशयाचा फायदा आम्ही तिला देतो.

पण मग हे मसाल्याचे सेंट हिवाळ्यातच का? आणि सुट्ट्यांशी त्यांचा काय संबंध? उत्तर युरोपातल्या स्वयंपाकघरात आहे. लवंग मूळची आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची, जायफळ बांदा बेटांचे, अस्सल दालचिनी श्रीलंकेची, मिरी आपल्या केरळची. युरोपच्या थंडीत यांतले एकही झाड वाढत नाही. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तो या मसाल्याच्या व्यापारासाठीच. तिकडे मसाला इतका महाग की गरिबाघरी तो सणालाच दिसायचा. म्हणून नाताळच्या केकमध्ये, बिस्किटांत दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ हे ठरलेले. त्यांच्या लेकरांना या वासाने सण आठवतो. आपल्या लेकरांना याच वासाने आईचे स्वयंपाकघर आठवते. तिकडच्या सणाची आठवण बाटलीत भरली गेली आणि ती बाटली फिरून आपल्या बाजारात आली.

अमेरिकेत १९३८ साली पुरुषांसाठी 'ओल्ड स्पाइस' निघाले. नावातच जुना मसाला आहे आणि वासातही मसालाच आहे. १९७७ साली फ्रान्सच्या ईव्ह सें लोराँ यांच्या कंपनीने 'ओपियम' नावाचे मसालेदार सेंट काढले. ते जगभर खपले. १९९२ साली तिएरी म्युग्लर यांचे 'एंजल' आले. त्यात एथिल माल्टॉल नावाचे द्रव्य भरपूर वापरले होते. त्याचा वास कसा, तर उरुसात मिळणाऱ्या बुढ्ढी के बालसारखा, म्हणजे जळत्या साखरेचा. तेव्हापासून खाण्याच्या वासाच्या सेंटांची लाटच आली. चॉकलेट, कॉफी, कॅरॅमल, बदाम, सगळ्याचे सेंट निघाले.

'ओल्ड स्पाइस'वरून आम्हाला नोकरीच्या सुरुवातीचे दिवस आठवले. आमच्या कचेरीत एक साहेब होते. रोज सकाळी दाढी करून तेच लावून यायचे. केबिनचे दार उघडले की लवंग-जायफळाचा दरवळ बाहेर यायचा. शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे म्हणायचे, काय साहेबांचा रुबाब! त्याच कचेरीत दुपारी आमच्यापैकी कोणी डबा उघडला आणि काळ्या मसाल्याचा वास सुटला की एक-दोन जण उठून खिडकी उघडायचे. उघडताना बोलायचे काही नाहीत. नुसती खिडकी उघडायचे. त्या वेळी आम्हाला दोन्ही वासांतले नाते कळले नव्हते. ते यंदा बहिणीच्या नाकाने कळवले.

आता आपल्या मातीकडे वळू. खाण्याच्या मसाल्याचा सुगंध हिवाळ्यात अंगाला लावणे ही काही साहेबांची नवी शोधून काढलेली गोष्ट नाही. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. अत्तराचा शौक इथे घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली होता. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस थंडी सरता सरता भरतो आणि सर्व जातिधर्मांचे लोक त्याला जातात. आम्हीही वडिलांचे बोट धरून जायचो. अत्तरवाला कापसाचा छोटा फाया अत्तरात बुडवून कानाच्या पाळीत खोचून द्यायचा. पैसे फायाचेच, बाटलीचे नाही. घरी येईपर्यंत आम्ही मान ताठ ठेवून चालायचो, फाया पडू नये म्हणून.

या परंपरेत ऋतूप्रमाणे अत्तर बदलते. उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा आणि पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचे मिट्टी अत्तर. हिवाळ्यात हिना आणि शमामा. शमामा हे एका फुलाचे अत्तर नव्हे. त्यात लवंग, वेलची, जायपत्री, जटामांसी, नागरमोथा असे कितीतरी जिन्नस पडतात. प्रत्येक घराण्याचा हिशेब वेगळा आणि तो ते कोणाला सांगत नाहीत. त्यात आणखी एक जिन्नस पडतो. उत्तरेकडे त्याला छरीला म्हणतात. मराठवाड्यातल्या आयाबहिणींना तो दुसऱ्या नावाने पक्का ठाऊक आहे. त्याचे नाव पुढे येईलच.

उत्तर प्रदेशातले कन्नौज हे या अत्तराचे मोठे गाव. तिथली जुनी पद्धत आजही चालू आहे. तांब्याच्या मोठ्या हंड्यात, ज्याला 'देग' म्हणतात, फुले किंवा मसाले आणि पाणी घालतात. झाकण मातीने लिंपून पक्के करतात. खाली लाकडाचा जाळ. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात, म्हणजे 'भपक्या'त जाते. भपका गार पाण्यात बसवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफेतला सुगंध त्या तेलात उतरतो. जाळ किती ठेवायचा, भपका कधी बदलायचा, हे कामगार हाताच्या स्पर्शाने आणि कानाने ओळखतो. चंदनाचे तेल फार महागल्यामुळे आता कितीतरी अत्तरांत त्याऐवजी लिक्विड पॅराफिन वापरतात. स्वस्त मिळाले म्हणजे अस्सल मिळाले, असे समजू नये.

हिवाळ्यात जड मसाल्याचाच सुगंध का चालतो, यालाही कारण आहे. सुगंध म्हणजे उडणारी द्रव्ये. थंडीत ती हळू उडतात, म्हणून हलका वास नाकापर्यंत पोचतच नाही. लिंबा-संत्र्याच्या जातीचा वास तर असाही काही मिनिटांत संपतो. लवंग-दालचिनी त्याहून टिकते आणि व्हॅनिला, चंदन सगळ्यांत मागे राहते. अंगाची ऊब लागली की हे जड वास सावकाश वर येतात. उन्हाळ्यात हेच अंगावर चढतात, डोके धरते. म्हणून थंडीला शमामा आणि उन्हाला वाळा. जुन्या लोकांनी हे पुस्तक न वाचता ठरवले होते.

इतके कळल्यावर आम्ही पुन्हा त्या पदराकडे वळलो. कारण प्रश्न लवंगेचा नव्हताच.

आम्ही चौथीत असताना आमच्या मास्तरांनी वर्गात आम्हाला मागच्या बाकावर बसवले. म्हणाले, याच्या अंगाला सुकटीचा वास येतो. पोरे हसली. घरी आल्यावर आम्ही आईला सांगितले नाही, पण त्या दिवसापासून सुकट खाणे सोडले. आईला वाटले पोराला आवडत नाही. वर्ष-दोन वर्षे ती आमच्यासाठी वेगळी भाजी करायची. एका वाक्याने आमच्या घरात दोन चुली झाल्या. ज्यांच्या अंगावर अशी वाक्ये पडली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. ज्याला आपण जवळ बसू द्यायचे नाही, त्याच्या अंगाला वास येतो असे म्हणणे ही फार जुनी युक्ती आहे. पूर्वी जात सांगून लांब बसवायचे, आता वासाचे नाव सांगून.

म्हणून आमची भाची आईच्या पदरावर सेंट मारायला धावली, तेव्हा आम्हाला तिचा राग आला नाही. आमचीच चौथी आठवली. ती आईची लाज झाकत नव्हती, आईला वाचवीत होती. पण तिने वाचवायची वाट चुकीची धरली होती.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना नेसण्या-वागण्याबद्दल सांगितले. स्वच्छ राहा, नीट नेसा, कमीपणाची खूण म्हणून अंगावर लादलेले दागिने टाका. त्यामागे दुसऱ्याला बरे दिसावे हा हेतू नव्हता. अंगावरची खूण दुसऱ्याने ठरवू नये, आपण ठरवावी, हा होता. सुगंधालाही तोच नियम लावावा असे आम्हाला वाटते. आनंद म्हणून लावा, हौस म्हणून लावा. लपण्यासाठी लावू नका. कामाचा वास अंघोळीने जातो. लाजेचा वास कुठल्याच बाटलीने जात नाही.

काही वाचक विचारतील, बौद्ध घरात सेंट-अत्तर चालते का? पंचशीलात सुगंधाला मनाई नाही. अष्टशील घेणाऱ्याने मात्र उपोसथाच्या दिवशी फुलांच्या माळा, गंध, विलेपन वर्ज्य करायचे असते. सेंटमध्ये अल्कोहोल असते म्हणून पाचवे शील मोडते का, असेही एका तरुणाने आम्हाला विचारले होते. ते शील नशा आणणाऱ्या पिण्याबद्दल आहे. कपड्यावर उडवलेल्या स्पिरिटाने नशा होत नाही. बाकी धम्मपदाच्या पुप्फवग्गात फुलांच्या गंधाशी शीलाची तुलना केली आहे आणि वरचढ कोण ठरले हे वाचकांना ठाऊक आहे.

आता घरोघरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतो, कारण तरुण पोरे-पोरी सेंट घेणारच आणि घ्यावेत.

मसाल्याच्या सेंटमधले युजेनॉल आणि सिनॅमाल्डिहाइड काही कातडीला सोसत नाही. खाज येते, लाल चट्टे उठतात. म्हणून युरोपात ठराविक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास या द्रव्यांची नावे बाटलीवर छापणे सक्तीचे आहे. नवीन सेंट घेतला की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस पाहावे. घरातले लवंगेचे किंवा दालचिनीचे तेल तसेच अंगाला कधी लावू नये, भाजल्यासारखे होते. तान्ह्या लेकराच्या अंगाला तर कसलाच सेंट नको. दमा असलेल्या माणसाजवळ, दवाखान्यात आणि बंद गाडीतही नको.

थंडीत कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीवर वास टिकत नाही. अंघोळीनंतर खोबरेल किंवा व्हॅसलीनचे बोट फिरवून मग मनगटावर, मानेला एकच थेंब लावावा. शालीला लावायचे तर आतल्या बाजूने, कारण अत्तराचा डाग निघत नाही. लोकर आणि सुती कापड वास दिवसेंदिवस धरून ठेवते. म्हणून स्वयंपाकाचा स्वेटर वेगळा ठेवावा आणि आठवड्यातून एकदा ऊन दाखवावे. ही युक्ती सेंटपेक्षा स्वस्त आहे.

आणखी एक. आपल्या नाकाला कोणत्याही वासाची काही मिनिटांत सवय होते. मग तो आपल्याला येईनासा होतो. सेंट लावणाऱ्याला वाटते उडाला आणि तो पुन्हा लावतो. शेजाऱ्याचे मात्र डोके उठते. म्हणून एकदा लावून विसरून जावे. आणि स्प्रे पेटतो. चुलीजवळ, गॅसजवळ, देव्हारा नसला तरी वंदनेच्या मेणबत्तीजवळ तो कधी उडवू नये.

आता राहिलेली गोष्ट सांगून थांबतो.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आम्ही भाचीला आणि बहिणीला घेऊन परभणीच्या बाजारात गेलो. भाचीला स्वेटर घ्यायचा होता. वाटेत एक जुने अत्तराचे दुकान लागले. छोट्या छोट्या कुप्या, काचेची कपाटे, गादीवर बसलेले पांढऱ्या दाढीचे चाचा. आम्हाला उरुसातला फाया आठवला. आत गेलो. म्हटले, चाचा, थंडीचे काही दाखवा. त्यांनी एक काळपट कुपी काढली, काचेची कांडी बुडवली आणि बहिणीच्या मनगटाला लावली. "शमामा है. सर्दी का अत्तर."

बहिणीने हात नाकाशी नेला आणि तिचे सुरू झाले. "लवंग हाय. मोठी वेलची हाय. जायपत्री. दिवाळीच्या उटण्यात घालतो तो नागरमोथा. आन्..." ती थांबली. पुन्हा वास घेतला. मग एकदम म्हणाली, "दगडफूल! ह्यात दगडफूल हाय!"

चाचांनी चष्मा वर केला. "दगडफूल?" आम्ही सांगितले, ते खडकावर, झाडाच्या सालीवर येते ना, काळ्या मसाल्यात घालतात, पापुद्र्यासारखे. चाचा म्हणाले, "हां, छरीला! बहन, आपने कैसे पहचाना? बड़े बड़े शौकीन नहीं पहचानते."

बहीण ओशाळली. म्हणाली, "रोज भाजते ना. गरम तेलात पडल्याबिगर त्याचा वास उठत न्हाई. कच्चं हुंगलं तर लाकडावानी लागतं."

चाचांनी गादीवरून थोडे सरकून तिला बसायला जागा केली. मग अर्धा तास दोघांचे चालले होते. ते कुपी उघडत, ती ओळखीत. पाच-सहांतली एकच चुकली. गिऱ्हाईक आले तर चाचांनी त्याला थांबवून ठेवले. जिच्या शेजारून एक बाई नाकाला पदर लावून उठली होती, तिच्या नाकाचा सन्मान दुसऱ्या एका जाणकाराने केला, तोही तिच्या कामाच्याच भाषेत.

आम्ही भाचीकडे पाहिले. ती एका कोपऱ्यात उभी राहून आईकडे बघत होती. पंधरा वर्षे आईच्या अंगाला येणाऱ्या वासामागे एवढी विद्या आहे, हे तिला त्या दिवशी दिसले. आम्हालाही तेव्हाच दिसले, हे कबूल करतो. बहीण कांडपावर काम करते असे आम्ही चारचौघांत सांगायचो ते थोडे खालच्या आवाजात. ती आमची चूक.

बहिणीने स्वतःसाठी काही घेतले नाही. चाचांनीच शमामाचा एक फाया तिच्या हातावर ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. तिने तो पदराच्या गाठीत बांधला.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी होती. स्टेशनवर पहाटेची थंडी मी म्हणत होती. नवा स्वेटर भाचीच्या बॅगेत होता. तिने आईच्या अंगावरची जुनी शाल मागून घेतली. बहीण म्हणाली, "अगं, तिला मसाल्याचा वास येतोय. गाडीत लोक काय म्हणतील?"

भाची म्हणाली, "म्हणू दे. विचारलं कुणी तर सांगीन, दगडफूल आहे."

गाडी हलली. वाचकहो, तुमच्या घरातही अशी एखादी शाल असेल. तिला ऊन दाखवा, पण तिची लाज धरू नका.

जयभीम.